अनुभव धागा: दक्षिणेच्या डोंगरात फिरताना कोण कोण भेटलं?

कढीपत्ता:
काल घरच्या ग्रुपवर कुणीतरी पडयप्पाचा व्हिडिओ टाकला, मुन्नारचा तो सुळेवाला हत्ती, बस अडवून रस्त्याच्या मधोमध उभा, आणि सासूबाई लगेच "अगं आपलं वालपराई आठवलं गं". मग काय, रात्री उशिरापर्यंत सगळे तेच काढून बसलो. म्हटलं इथेही विचारावं. मुन्नार, थेक्कडी, कोडाई, ऊटी, कुठलंही चालेल, घरच्यांसोबत फिरताना जे जनावर समोर आलं ते लिहा.

आमचं असं, तमिळनाडूत डोंगरावरच्या वालपराईला चाललेलो, पोल्लाचीहून गाडी केलेली, सासू सासरे आम्ही दोघं नि पोरं. आळियार धरणापासून घाट चालू होतो, 40 हेअरपिन वळणं आणि प्रत्येक वळणावर नंबराची पाटी. धाकटा पाट्या वाचत वाचतच ओकला. नवव्या वळणावर लोम्स व्ह्यू म्हणून पॉइंट आहे, तिथं त्याचं तोंड धुवायला थांबलो तर कठड्यावर नीलगिरी ताहर, म्हणजे तिकडची रानबकरी! चांगला थोराड नर, पाठीवर करड्या केसांचा पट्टा, रवंथ चाललेलं, कान तेवढे हलतायत. आमच्याकडे बघायचे कष्ट पण घेतले नाहीत. सासूबाईंनी हात जोडले, का ते त्यांनाच माहीत.

पुढे पुदुतोट्टमला सिंहपुच्छ माकडं. काळं तोंड, भोवती पांढरट आयाळ, शेपटीला गोंडा. सगळ्या जगात फक्त सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या जंगलात आहेत ही, नि तिथं मात्र लोकांच्या पत्र्यावर धाडधाड उड्या मारत होती. रस्त्याच्या वरून या झाडापासून त्या झाडापर्यंत पट्ट्यांचे पूल बांधलेत त्यांच्यासाठी, गाडीखाली येऊ नयेत म्हणून. हत्तीचं नंतर लिहिते, कुकर झालाय.

बाराबंदी:
हत्ती अर्धवट सोडून कुकर बघायला जातात का ताई 😄

आम्ही एराविकुलमला गेलेलो मुन्नारला, तिथं पण हेच ताहर. तिकीट, रांग, मग पार्कच्या बसनं वर. माझे आजोबा माणदेशातले, सगळं आयुष्य शेळ्यामेंढ्यांत गेलं. वर गेल्यावर दोन हातांवर ताहर चरतंय, सगळी जनता मोबाईल काढून उभी, नि आजोबा मोठ्यांदा "ह्यासाठी पैसं भरलं व्हय रं?" पण नंतर तेच सगळ्यात जास्त वेळ बघत होते हां. मला म्हणाले खुरं बघ कशी धरत्यात कातळाला. जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, साधारण फेब्रुवारी मार्चला पिल्लं होतात तेव्हा पार्क बंद ठेवतात. आमचे शेजारी नेमके तेव्हा गेले नि चहाचे मळे बघून परत.

ओसरी:
जळवा लिहिल्या तर चालतील का? जनावरच आहे ते पण 😭

थेक्कडी, जुलै. गाईडनं ते गुडघ्यापर्यंतचे कापडी मोजे दिलेले, वर तंबाखूची पूड चोळलेली. ह्यांचं म्हणणं "मी कोकणातला आहे, मला काय सांगतात जळवा", मोजे नुसते हातात धरून चालले. रूमवर आल्यावर पांढऱ्याशुभ्र चादरीवर लाल डाग नि हे म्हणतायत मला काही झालेलंच नाही. पोटरीला एक, पायाच्या बोटांच्या बेचक्यात एक, आणि एक बेंबीजवळ, ती तिथवर कशी पोचली देव जाणे. रक्त थांबेचना. लेक रडायला लागली बाबा मरणार म्हणून, आणि मला हसू आवरेना.

डॉक्टरीणबाई:
@ओसरी, रक्त थांबत नाही कारण जळूच्या लाळेत ते गोठू न देणारं द्रव्य असतं, म्हणून नंतर बराच वेळ वाहत राहतं. घाबरायचं काही नसतं. ओढून काढू नका, नखानं तिच्या तोंडाची बाजू हळूच सरकवा, मग साबणानं धुवा आणि दाबून धरा. बेंबीवाली भारी होती 😂

तांबडा_पांढरा:
कोडाईकनालला संध्याकाळी होमस्टेच्या फाटकात गवा उभा. मालक म्हणाले थांबा पाच मिनिटं, त्याचं झालं की जाईल. आम्ही राधानगरीकडचे, गवा काय नवा नाही, उसात शिरला की रात्रभर फटाके वाजवत बसायचं. पण तिथं बाजाराच्या रस्त्यावरून चाललाय नि लोकं स्कूटर बाजूला घेतायत, ओरडणं नाही काय नाही. आणि आपल्याकडं 2020 ला कोथरूडमधे गवा आला तर पळवून पळवून मारला बिचाऱ्याला.

रानवाट:
+१. त्या दिवशी मी ऑफिसातून घरी येत होते, ती गर्दी बघितलीय. आपण नुसतं मागं सरकलो असतो तरी वाचला असता तो. जाऊदे, विषय नको.

आमचं म्हैसूर ऊटी. बंदिपूरचा रस्ता रात्री 9 ते सकाळी 6 बंद असतो गाड्यांना हे सासऱ्यांना दहादा सांगितलं, पण त्यांना म्हैसूरपाकाच्या दुकानातून हलायचंच नव्हतं. पोचलो तर फाटक बंद, गाडीत मागं चार किलो म्हैसूरपाक. मग गुंडलूपेटला मिळाली ती खोली. पण सकाळी पहिल्या गाड्यांत सुटलो त्याचा फायदा म्हणजे धुक्यात चितळांचे कळप आणि मुदुमलैमधे रस्त्याला लागून एकटा हत्ती, सोंडेनं गवत उपटायचं, पायावर आपटून माती झाडायची, मग तोंडात. अगदी मेथीची जुडी झटकतो तसं. सासरे आता सगळ्यांना सांगतात मीच मुद्दाम उशीर केला होता म्हणून.

पमी:
श्रीलंका चालेल का? नुवारा एलियाकडून हॉर्टन प्लेन्सला गेलो पहाटे. गेटवर सगळं प्लास्टिक काढून घेतात, आईची चकल्यांची पिशवी पण. आईनं तिथंच उभ्याउभ्या चकल्या स्टीलच्या डब्यात ओतल्या, एक त्या गेटवाल्याच्या हातावर ठेवली. आत गेल्यावर पार्किंगजवळच सांबर नर, केवढी ती शिंगं! गाडीच्या काचेला नाक लावून उभा. बाकीचे टुरिस्ट पाव चारत होते त्याला, चारायचं नसतं खरंतर. आईनं डबा घट्ट धरून ठेवला. सांबरासाठी नव्हे, बाबांसाठी.

बाराबंदी:
चकल्या भाजणीच्या का?

पमी:
अर्थात. तांदळाच्या आमच्याकडे कुणी खात नाही.

कढीपत्ता:
आले आले. हां तर हत्ती. वालपराईत ठिकठिकाणी खांबांवर लाल दिवे आहेत, आसपास हत्ती असले की तिथलीच माणसं मोबाईलवरून ते लावतात, लोकांना मेसेजही जातात. कारण जंगल तुकड्यातुकड्यांत आहे आणि मधे सगळा चहा, हत्तींना जायचं तर मळ्यातूनच. आम्ही संध्याकाळी परत येत होतो, दिवा लागलेला. ड्रायव्हरदादांनी लांबच गाडी थांबवली, इंजिन बंद. खालच्या मळ्यात चार पाठी दिसतायत नि मधेच एक छोटी सोंड वर येते, परत गायब. पिल्लू चहाच्या झुडपांत बुडालेलं. मोठा पोरगा कुजबुजत "आई शू लागलीये". तशीच धरून बसला बिचारा, ते पलीकडे जाईपर्यंत. दिवा नसता तर आम्ही गप्पा मारत थेट त्यांच्यात जाऊन धडकलो असतो.

ओसरी:
पोराला शौर्य पुरस्कार द्या 😂 बरं मला दिवाळीत जायचंय वालपराईला, त्या 40 वळणांसाठी पोरांना गोळी कुठली द्यायची?

डॉक्टरीणबाई:
पोरांच्या डॉक्टरांनाच विचारा, वजनावर डोस असतो. आणि घाटाआधी इडल्या हाणू देऊ नका.

तांबडा_पांढरा:
इडली नाय खायची तर जायचं कशाला तिकडं?

ओसरी:
@कढीपत्ता होमस्टेचं नाव मेसेज करा ना प्लीज, आणि कांदालसूण नसलेलं करून देतात का? सासूबाई येतायत सोबत.