लिफ्टमधला क्यूआर कोड आणि नांदूरमध्यमेश्वर

ए-१०२ काका: लिफ्टमध्ये 'नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्य वाचवा, प्रत्येक घरामागे ५०० रु.' असा कागद आणि क्यूआर कोड कोणी चिकटवला? कमिटीला विचारलं होतं का? गणपतीच्या वर्गणीचा हिशोबही अजून आलेला नाही.

सी-२०३ ताई: काका, मी लावला. आधी विचारायला हवं होतं, माफ करा. पण विषय आपलाच आहे.

बी-४०१: बी विंगची लिफ्ट सहा दिवस बंद आहे.

ए-३०४: चाळीस किलोमीटरवरचं तळं आपलं कसं? तिथे सरकार आहे, वनखातं आहे.

खजिनदार: हिशोब शुक्रवारी बोर्डावर लावलाय काका. दरवर्षी तुम्ही हेच विचारता.

ए-१०२ काका: बोर्ड पार्किंगच्या मागे. तिथे कोण जातं?

सी-२०३ ताई: दादा, ते तळं नाही. गोदावरी-कादवाच्या संगमावर इंग्रजांच्या काळात कालव्यांसाठी बंधारा बांधला. मागे गाळ साचत गेला, बेटं झाली, पाणकणीस वाढलं आणि पक्षी यायला लागले. १९८६ ला अभयारण्य झालं. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ते, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. आता तिथे पाणवेली पसरतेय. तिला खत कुठून मिळतं? नाशिकच्या सांडपाण्यातून. आपल्या मोरीतून गेलेलं पाणी पुढे तिकडेच जातं हो.

बी-१०३ आजी: आम्ही थंडीत जायचो. पहाटे चक्रवाकांचा आवाज यायचा. चापडगावच्या मनोऱ्यावर यांनी मला पहिल्यांदा जांभळी पाणकोंबडी दाखवली होती.

बी-४०१: लिफ्ट???

डी-५०२ निफाडकर: मी तिकडचाच. आमच्या भावकीच्या द्राक्षबागा आहेत. शहरातले येऊन फोटो काढतात आणि आम्हाला विहीर खणायलाही परवानगी लागेल का, याची धास्ती. आधी गावाशी बोला, मग वर्गणी मागा.

सी-२०३ ताई: भाऊ, हे मान्य आहे. म्हणूनच पाणवेली काढायची मजुरी गावातल्याच लोकांना द्यायची. वनखात्याची लेखी परवानगी आल्याशिवाय एक रुपयाही खर्च होणार नाही.

ए-३०४: जेसीबी लावा आणि सगळा गाळच उपसा. एका महिन्यात काम फत्ते.

सी-२०३ ताई: नको! गुडघाभर पाणी असतं म्हणून तर चमचे (चमच्यासारख्या चोचीचे पक्षी) आणि तलवार बदकं तिथे चरतात. सगळं खोल केलं तर ती उतरणार कुठे? पाणवेली काढायची, काठावरचं बेशरमचं झुडूप उपटायचं, पाणकणीस जाळायचं थांबवायचं. बाकीचं जागा स्वतः करते, थोडा वेळ द्यावा लागतो.

डी-५०२ निफाडकर: हे बरोबर. पण पाणवेली पुराबरोबर वरूनच येते, सायखेड्याच्या पुलाला अडकलेली दरवर्षी बघतो. वरून घाण आली की पुन्हा तेच.

सी-२०३ ताई: म्हणून पैशांपेक्षा सह्या महत्त्वाच्या. महापालिकेला पत्र द्यायचंय : प्रक्रिया न केलेलं सांडपाणी गोदेत सोडू नका. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे, आत्ता नाही बोललो तर कधी बोलणार?

बी-४०१: मी पाचव्यांदा विचारतोय, लिफ्ट कधी? आई गुडघ्यांनी आजारी आहे. पक्ष्यांना पंख आहेत, तिला नाहीत.

सचिव: दादा, मेकॅनिक उद्या ११ ला येतोय. आधी कळवायला हवं होतं, चूक आमची.

ए-१०२ काका: सही करीन. पण क्यूआर काढा. पैसे रोख घ्या, पावती द्या.

बी-१०३ आजी: 'देवळाली मिन्नो' नावाचा मासाही तिथे आहे ना? देवळालीचं नाव असलेला मासा! तोही पत्रात घाला ग.

सी-२०३ ताई: घालते आजी. जगात अतिसंकटग्रस्त गणला जातो तो.

डी-५०२ निफाडकर: माझी सही धरा. शेतकऱ्यांच्या बंधनांचा मुद्दा मी स्वतः लिहून देतो, तो वगळलात तर सही काढून घेईन.

सचिव: पत्र वॉचमनच्या टेबलावर ठेवलंय. पेन बांधून ठेवा, मागचं गेलं.