दोन्ही इग्निशन इलेक्ट्रॉनिक, पॉवर कुठून घ्यायची?

स्वतः बांधतोय ते दोन सीटचं विमान, ४ सिलिंडर इंजिन, मॅग्नेटो (इंजिनवर फिरून स्पार्क देणारे जुन्या पद्धतीचे युनिट) काढून दोन्ही बाजूंना बॅटरीवर चालणारं इलेक्ट्रॉनिक इग्निशन टाकतोय. बॅटरी एकच, अल्टरनेटर एकच. दोन्हींची पॉवर मेन बसवरून (सगळ्या उपकरणांना वीज वाटणारी मुख्य पट्टी) ब्रेकर टाकून घेतली तर चालेल ना, वायरिंग सोपं पडतं म्हणून विचारतोय

घारपंख: नको रे बाबा. मेन बस मास्टर स्विचच्या मागे असते, तो बंद केला की बसची वीज गेली, उद्या केबिनमध्ये धूर आला की पहिलं काम मास्टर बंद, आणि मग इंजिनपण बंद! मॅग्नेटो स्वतःची वीज स्वतः बनवतो, तुझं इग्निशन नाही बनवत. थेट बॅटरीवरून घे, दोघांना वेगळी वायर, वेगळा फ्यूज (बॅटरीच्या जवळ), वेगळा स्विच. अर्थिंगचा जॉइंटही एकच ठेवू नकोस, तो सुटला की दोन्ही गेले, हे लोक हमखास विसरतात

जुनास्पॅनर: +१ पण बॅटरी एकच असेल तर अर्धंच काम झालं. दुसऱ्या इग्निशनला छोटी बॅकअप बॅटरी दे, डायोडमधून (करंट एकाच दिशेने जाऊ देतो) चार्ज होणारी. २ अँपिअर खेचत असेल तर ७ अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर साडेतीन तास, प्रत्यक्षात कमीच धर. स्टार्टर मारताना मेन बॅटरीचा व्होल्टेज धाडकन पडतो तेव्हाही हीच कामाला येते

प्रश्नकर्ता: आणि एका बाजूला मॅग्नेटो तसाच ठेवला तर?

घारपंख: मग बॅकअप बॅटरीची कटकटच नाही, मी तर तेच करेन. इलेक्ट्रॉनिकची वायर तरी थेट बॅटरीवरूनच घे