प्रतिसाद: व्हीपीएन असताना झीरो ट्रस्ट कशाला?

"व्हीपीएन आहे, मग झीरो ट्रस्टचं खूळ कशाला?" असं वर विचारलंय. व्हीपीएन म्हणजे बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरायची सुरक्षित वाट; झीरो ट्रस्ट म्हणजे आत आलेल्यावरही आपोआप विश्वास न ठेवता, दर वेळी तपासून लागेल तेवढंच उघडायचं. अंबडच्या एका कारखान्यात मी नेटवर्क बघतो. सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनच्या देखभालीसाठी बाहेरच्या इंजिनिअरला व्हीपीएन दिलं होतं. एकदा सहज लॉग चाळले, तर गडी पगाराच्या फोल्डरपर्यंत जाऊन आलेला! जुन्या वाड्यासारखं झालं, दिंडी दरवाजा ओलांडला की माजघरापर्यंत सगळं मोकळं. आता झीरो ट्रस्टमुळे त्याला फक्त ते एक मशीन दिसतं, तेही ओटीपी टाकून आणि लॅपटॉप अपडेट असेल तरच. गूगलनं स्वतःवरच्या २००९ च्या सायबर हल्ल्यानंतर हीच वाट धरली. निस्ट या अमेरिकी मानक संस्थेचा यावरचा ८००-२०७ हा २०२० चा दस्तऐवज फुकट मिळतो, वाचाच (भाषा रुक्ष आहे, पण सोसा). विंडोज एक्सपीवरची जुनी मशीन मात्र यात बसेनात. ती वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या स्वतंत्र कप्प्यात, कोंडलीयेत.