क्रीट: एलाफोनिसी की बालोस?

भटकी: सप्टेंबरात ग्रीसच्या क्रीट बेटावर चाललेय, मुक्काम हानिया शहरात. आई सोबत आहे, तिचे गुडघे दुखतात. कुठला किनारा निवडू?

खारावारा: डोळे झाकून एलाफोनिसी. गाडी जवळपर्यंत जाते, खाजणात पाणी जेमतेम पोटरीभर. वाळू मात्र फोटोइतकी गुलाबी नसते हं. ओल्या कडेला शिंपल्यांच्या चुऱ्याची फिकट रेघ, बस्स. बालोसला गाडीतळापासून खडकाळ उतार, आणि परतीचा चढ भर उन्हात. जायचंच तर किसामोसहून बोटीनं.

भटकी: आणि सामारिया घळ?

खारावारा: १६ किलोमीटर पायपीट! आईंना अजिबात नको. त्यापेक्षा संध्याकाळी हानियाच्या जुन्या बंदरात निवांत बसा.

दगडधोंडे: क्नोसोस, म्हणजे प्राचीन राजवाड्याचे अवशेष, हानियाहून लांब पडतं, पण चुकवू नका. तिथले लालभडक खांब उत्खनन करणाऱ्या इव्हान्सनं विसाव्या शतकात उभारलेले, हे ठाऊक असू द्या. सकाळी दार उघडताच शिरा, सावली कमी आहे.