मार्कंड्याजवळच्या पोरीने कलेचा इतिहास शिकायला लंडनला जावं का?

वैनगंगाकाठ

मी चामोर्शी तालुक्यातली. वैनगंगेकाठच्या जुन्या दगडी देवळांचं मार्कंडा आमच्याकडून सायकलच्या अंतरावर. नागपूरला प्राचीन इतिहासात एम.ए. केलं आणि गेल्या महिन्यात लंडनच्या एका विद्यापीठाचं प्रवेशाचं पत्र आलं. दक्षिण आशियातल्या कलेचा इतिहास, एक वर्षाचं एम.ए. त्या दिवसापासून घरात जेवताना कोणी कोणाशी बोलत नाही. फी पंचवीस हजार पौंडांच्या वर. शिवाय व्हिसासाठी महिन्याला सुमारे दीड हजार पौंड, असे नऊ महिन्यांचे खात्यात दाखवावे लागतात. सगळं मिळून चाळीस लाखांच्या पुढे जातं. आमची चार एकर धानाची बांधी आहे. ती विकायला बाबा तयार आहेत, दादा नाही.

मला का जायचं आहे ते सांगते. गावात एक जुनं दगडी देऊळ आहे. मार्कंड्याएवढं मोठं नाही, कोणाच्या यादीत नाही. त्याच्या दाराच्या चौकटीवर खाली एक बाई उभी आहे, तिच्या पायाखाली एक जनावर. आजी त्याला डुक्कर म्हणायची, म्हणून आम्हीही डुक्कर म्हणायचो. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी मूर्तिशास्त्राच्या तासाला मकराचं चित्र पाहिलं आणि पुढचं काही कानात शिरलंच नाही. आमचं डुक्कर म्हणजे मकर, मगरीसारखा काल्पनिक प्राणी, गंगेचं वाहन. ती बाई म्हणजे गंगा. मग समोरच्या बाजूला कासवावर यमुना असणार. सुटी लागताच घरी गेले, तर शिवरात्रीसाठी अख्खी चौकट चंदेरी ऑइलपेंटने रंगवून झाली होती. मकराचे दात, शेपटीची वेटोळी, गंगेच्या हातातला घट, सगळं एकसारखं चकचकीत. रंगवणारे माझेच काका. त्यांनी भक्तीने केलं. त्यांना सांगणारं कोणी गावात नव्हतं.

वाकाटक हे विदर्भावर राज्य केलेलं प्राचीन घराणं. नागपूर जिल्ह्यातल्या मांढळच्या त्यांच्या काळातल्या मूर्ती नागपूर विद्यापीठाने १९७०च्या दशकात खणून काढल्या. त्या मूर्ती आणि रामटेकची देवळं धरून वाकाटकांच्या मूर्तिकलेवर आख्खा ग्रंथ लिहिला तो नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठाच्या हान्स बकर यांनी, १९९७ साली. अजिंठ्यासाठी मिशिगनच्या वॉल्टर स्पिंक यांनी आयुष्य घातलं. मला ही माणसं परकी वाटत नाहीत. पण हे काम आमच्या काठच्या मुलीनेही करावं असं मनापासून वाटतं, आणि त्यासाठी त्यांच्यासारखी ग्रंथालयं, त्यांच्यासारखे शिक्षक एकदा तरी मिळायला हवेत. माझं चुकत असेल तर स्पष्ट सांगा.

वावरातला

बाई, राग नको मानू. मी यवतमाळकडचा कास्तकार माणूस. मले मूर्तीतलं काई समजत नाई, पन हिशेब समजते. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव ५३२८ होता, बजारात चार हजाराच्या आसपास घेत होते. तुये चाळीस लाख म्हंजे हजार क्विंटल सोयाबीन. एकरी सहा-सात क्विंटल धरलं त चार एकरात पंचवीस. म्हंजे चाळीस वर्सं. त्यातून बियाणं, फवारनी, मजुरी काई काटलंच नाई म्या. तुयं धान हाय, हिशेब थोडा इकडंतिकडं होईन, पन होऊन होऊन किती होईन?

अन् शिकून आल्यावर गडचिरोलीत तुले नोकरी कोन देईन? तुया बाप तयार हाय म्हनते, त्याचंच मले भेव वाटते. बाप पोरीले नाई म्हनत नाई, अन् मंग एकटाच बांधावर जाऊन बसते.

निवृत्त मास्तर

वावरातले भाऊ पैशाचं बोलले, मी विषयाचं बोलतो. वा. वि. मिराशींनी वाकाटकांचे कोरीव लेख संपादित केले, तो ग्रंथ १९६३ साली आला. ज्या पायावर पुढे बकर उभे राहिले तो पाया नागपुरात बसून घातला गेला. आज तर बडोद्याला सयाजीराव विद्यापीठात कलेच्या इतिहासाचा विभाग आहे, पुण्याला डेक्कन कॉलेज आहे, दिल्लीत जेएनयूमध्ये कला आणि सौंदर्यशास्त्राची वेगळी शाखा आहे. लंडनच्या खर्चाच्या दहाव्या हिश्शात यातलं कुठलंही शिक्षण होतं.

बेटा, मूर्ती इथे आहेत. लेख इथे आहेत. ज्या आजीने मकराला डुक्कर म्हटलं ती इथे आहे, आणि तिने का म्हटलं हाही कलेच्या इतिहासाचाच प्रश्न आहे. संस्कृत पक्की कर, ब्राह्मी वाचायला शीक, पायाला भिंगरी लावून पाच वर्षं विदर्भ पालथा घाल. त्यानंतर परदेशातले लोक तुला बोलावतील. आधी जाशील तर त्यांचे प्रश्न घेऊन परत येशील.

वैनगंगाकाठ

मास्तर, आजीचा मुद्दा मी वहीत लिहून घेतला. पण शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. त्यांचे प्रश्न घेऊन आले तर बिघडलं कुठे? आपल्याकडे 'हे हेमाडपंती' म्हटलं की प्रश्नच संपतो. चुन्याशिवाय दगडावर दगड दिसला की हेमाडपंती, मग ते देऊळ ज्याच्यावरून हे नाव पडलं त्या यादवांच्या मंत्र्याच्या, हेमाद्रीच्या, दोनशे वर्षं आधीचं का असेना.

पेनगंगेचं पाणी

मी मेहकरचा. आमच्याकडे १८८८ साली जमिनीतून बालाजीची मोठी मूर्ती निघाली. साहेब लोक ती लंडनला नेतील या भीतीने गावाने घाईघाईने तिची प्रतिष्ठापना करून टाकली, असं आमच्याकडे आजही सांगतात. ती मूर्ती आज देवळात आहे, पूजेत आहे. ते करणाऱ्यांपैकी कोणाकडे कलेच्या इतिहासाची पदवी नव्हती. आपला ठेवा सांभाळायला गावाची आस्था लागते. लंडनहून आलेल्या मुलीचं गाव ऐकेल, की गावात राहून दर एकादशीला देवळात दिसणाऱ्या मुलीचं?

पवनीची लेक

पेनगंगा दादा, आस्था तर ताईच्या काकांकडेही होती, चंदेरी रंगासकट. मूर्ती चोरीला जाते तेव्हाही आस्था पुरत नाही. तामिळनाडूतल्या श्रीपुरंतनचा नटराज चोरून विकला गेला तो ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनात पोचला. २०१४ साली तो परत आला. पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेने काही दशकांपूर्वी देवळात जाऊन त्याचे फोटो काढून ठेवले होते, म्हणून तोच हा हे सिद्ध करता आलं. आपल्या गावच्या किती मूर्तींचे असे फोटो आहेत? आमच्या गावच्या एकाही मूर्तीचा नाही.

आता माझं स्वतःचं. मी युरोपातून हीच पदवी घेऊन आले, चार वर्षं झाली. पहिल्याच आठवड्यात बाईंनी आम्हाला संग्रहालयात नेलं आणि एका मूर्तीसमोर दीड तास उभं केलं. अट एकच, कशाचंही नाव लिहायचं नाही. देवाचं नाही, आयुधाचं नाही. दिसतं ते लिहा. माझ्यासमोर महिषासुरमर्दिनी होती. तोवर मी कितीदा तरी 'ही महिषासुरमर्दिनी' म्हणून पुढे गेले होते. त्या दिवशी अर्ध्या तासाने दिसलं की रेड्याच्या पाठीवर टेकलेल्या पायाची बोटं थोडी पसरली आहेत आणि त्या जागी रेड्याची कातडी खाली दबली आहे. कारागिराने दगडात वजन कोरलं होतं. मला रडू आलं, खरंच. मूर्ती ओळखायची लक्षणं मला पाठ होती, पण बघायला कोणी शिकवलं नव्हतं.

दुसरी बाजूही सांगते. तिथल्या नकाशात विदर्भ कोरा. अजिंठ्यावरून उडी मारतात ती थेट खजुराहोवर. आमच्या पवनीच्या प्राचीन बौद्ध स्तूपाचा विषय वर्गात पहिल्यांदा मीच काढला. आज मी नागपूरला तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे तास झाला तर पैसे, सुटीत काही नाही. मी पूर्ण शिष्यवृत्तीवर गेले होते, म्हणून हे निभतं. डोक्यावर कर्ज असतं तर मी आज या विषयात राहिलेच नसते. वावरातल्या भाऊंचा हिशेब बरोबर आहे. ताई, जा, पण बांधी विकून जाऊ नको.

शाखेत बसणारा

बँकेत आहे म्हणून एवढंच. साडेसात लाखांपर्यंतचं शैक्षणिक कर्ज बिनतारणी मिळू शकतं. त्यावर तारण मागतात आणि शेतजमीन सहसा घेत नाहीत, कारण ज्या कायद्याने बँक तारण जप्त करते तो शेतजमिनीला लागू नाही. मग लोक एकतर जमीन विकतात, नाहीतर सावकाराकडे जातात. दुसरा रस्ता चुकूनही धरू नका.

इरई

सगळे म्हणत आहेत शिष्यवृत्तीवर जा. कुठली ते बोलू या. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी आहे. २०२२ साली तिच्या नियमांत एक ओळ आली: भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास हे विषय या शिष्यवृत्तीत बसणार नाहीत. म्हणजे पाथरवटाच्या मुलाला परदेशात इंजिनिअर व्हायला पैसे मिळतील. त्याच्या आज्या-पणज्याने घडवलेल्या दगडाचा अभ्यास करायला मिळणार नाहीत. राज्याची शाहू महाराजांच्या नावाची योजना आहे, तीत विद्यापीठ जागतिक क्रमवारीत पहिल्या २०० मध्ये हवं. लंडनच्या कोर्टोल्डमध्ये १९३२ पासून मुख्यतः कलेचा इतिहासच शिकवतात. एवढी छोटी संस्था इंजिनिअरिंग-मेडिकलसकट मोजणाऱ्या क्रमवारीत कुठून येणार?

देवळं कोणी बांधली आणि त्यांच्यावर कोण लिहितं, या दोन याद्या शेजारी ठेवून बघा. माझा राग तिथे आहे. श्रीमंतांची मुलं हा विषय शिकायला जातच आहेत.

निवृत्त मास्तर

इरई, तुमचा राग मला समजतो, पण नियमामागे विचारच नाही असं म्हणू नका. जो विषय इथे शिकता येतो त्यासाठी सरकारी पैसा बाहेर का जावा, हा प्रश्न रास्त आहे. तो पैसा नागपूर-अमरावतीच्या विभागांना मिळाला तर एका मुलीऐवजी शंभर मुलं शिकतील.

इरई

मिळाला तर, मास्तर. तो मिळालेला मला कुठे दिसला नाही. आणि मुलाने काय शिकावं हे ठरवण्याचा हक्क फक्त घरात पैसे असणाऱ्याला का? २०२५ च्या एप्रिलमध्ये रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावात निघाली आणि राज्य सरकारला ती सुमारे ४७ लाखांना विकत घ्यावी लागली. घेतली ते चांगलंच केलं, नागपूरकरांचा मान राहिला. पण साधारण तेवढ्यात एक मुलगी शिकून येते, आणि आपलं आणखी काय काय तिकडे पडलं आहे ते शोधून काढते.

वावरातला

तलवारीले पैसे निंगतात अन् पोरीले निंगत नाई, हे मले बी खटकलं. पन मायं मत तेच हाय. सरकारनं द्याव, बापानं वावर इकू नये.

पवनीची लेक

ताई, कामाचं सांगते. फेलिक्स शिष्यवृत्ती भारतीय मुलांसाठी आहे, ऑक्सफर्ड, रेडिंग आणि लंडनचं सोआस या तीन ठिकाणी. ब्रिटिश सरकारच्या चीवनिंग शिष्यवृत्तीला आधी दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षं भारतात परतावं लागतं, जे तुला तसंही करायचंच आहे. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी जवळजवळ नाही. हायडेलबर्ग ज्या राज्यात येतं तिथे सत्राला १५०० युरो घेतात, तरी लंडनपुढे काहीच नाही. राहण्याचा वर्षाचा खर्च मात्र आधीच खात्यात अडकवून दाखवावा लागतो, साधारण बारा हजार युरो. जर्मन आजपासून सुरू कर, या विषयात ती पुढे लागतेच. आणि विद्यापीठाला पत्र लिहून प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येतो का ते विचार. बरीच विद्यापीठं ढकलतात.

वैनगंगाकाठ

पत्र काल रात्रीच लिहिलं. दादाला वाचायला दिलं, त्याने एक चूक काढली आणि 'पाठव' म्हणाला. महिन्याभरातलं त्याचं पहिलं वाक्य. बांधी विकायची नाही असं बाबांना मीच सांगितलं. मी जाणार हे मात्र ठरलं आहे, मास्तर. या एका वर्षात चामोर्शी आणि आरमोरी तालुक्यातली जमतील तेवढी देवळं पायी फिरून नोंदवते, तुम्ही म्हणालात तशी. काकांनी रंग काढायला ॲसिड आणायची तयारी दाखवली आहे.

पवनीची लेक

ॲसिड नको! नखानेही खरवडू नको. तुमच्याकडचा वालुकाश्म मऊ असतो, रंगाबरोबर दगडाची कातडीच निघून येईल. रंग असू दे. रंगासकट फोटो काढ, मापं घे, तारीख टाक. काढायचं काम जाणकाराच्या हातून, लेखी परवानगीने.

वावरातला

बाई, एक इचारू का? आमच्या वावराच्या धुऱ्यावर एक उभा दगड हाय, कमरेइतका. त्याच्यावर मानूस हाय, हातात तलवार हाय का काय ते समजत नाई. आमी त्याले शेंदूर लावतो, पोळ्याले नारळ फोडतो. माया आज्याच्या वेळपासून हाय. ते काय असन?

वैनगंगाकाठ

भाऊ, न पाहता सांगणार नाही, पण वीरगळ असू शकते. दगड जागचा हलवू नका. अगदी वरच्या टोकाला चंद्र-सूर्य कोरलेत का ते बोट फिरवून बघा. खालच्या पट्ट्यात माणसाच्या शेजारी गाई दिसतात का तेही बघा. गाईंसाठी लढताना मेलेल्या माणसांच्या अशा वीरगळी असतात. फोटो सकाळी आठच्या आत काढा, ऊन तिरपं असताना. दुपारच्या उन्हात कोरीव काम सपाट दिसतं.

वावरातला

सकाळी पान्याची पाळी हायच मायी. जातो अन् टाकतो फोटो.