कॅन्सरच्या डॉक्टरनं तालुक्याला जावं की शहरातच राहावं?

माळरान:
भाच्याचं मेडिकल ऑन्कॉलॉजीचं, म्हणजे कॅन्सरवरच्या औषधोपचाराचं, डीएम (एमडीनंतरची पदवी) यंदा पुरं होतंय. एमबीबीएस, एमडी, डीएम मिळून साडेअकरा वर्षं. रक्ताच्या कॅन्सरमध्ये त्याला विशेष रस. आता म्हणतो, पुण्यात राहत नाही, बार्शी-भूम पट्ट्यात जातो. घरात रोज वाद चाललाय. मी त्याच्या बाजूचा आहे.
बार्शीत १९८२पासून नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर हॉस्पिटल आहे. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ साली बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतच सुरू झाली. पुढे बार्शीच्याच डॉ. भगवान नेने आणि सहकाऱ्यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ बायकांचा अभ्यास केला. एकदाच एचपीव्ही चाचणी (हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची तपासणी) झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हे २००९ साली जगापुढे मांडलं. हे काम शहरात बसून झालं नसतं.

रक्तघटक:
मी शहरातल्या रक्तपेढीत काम करतो, त्यामुळे तेवढ्यापुरतं बोलतो. तीव्र ल्युकेमियाच्या, म्हणजे झपाट्यानं वाढणाऱ्या रक्ताच्या कॅन्सरच्या, पेशंटला केमो दिली की रक्तातल्या पेशी पार कमी होतात. मग प्लेटलेट्स (रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी) लागतात, त्याही परत परत. त्या साधारण पाच दिवस टिकतात आणि २० ते २४ अंशांवर सतत हलत्या ठेवाव्या लागतात. तालुक्यात हा साठा कोण करणार? रात्री दोन वाजता पेशंटच्या नाकातून रक्त यायला लागलं तर तुमच्या भाच्याची साडेअकरा वर्षं काय कामाची? पेशंट जाईल, आणि नातेवाईक डॉक्टरला जबाबदार धरतील.

भूमची_लेक:
दादा, सगळे रक्ताचे कॅन्सर तसे नसतात. माझ्या बाबांना सीएमएल, म्हणजे हळूहळू वाढणारा रक्ताचा कॅन्सर, होता. इमॅटिनिबची गोळी, रोज घ्यायची, घरी बसून. औषध लागू पडलं होतं. पण दर तीन महिन्यांनी तपासणीला मुंबई. गाडीभाडं, सोबतीला मी किंवा भाऊ, दोघांची मजुरी बुडायची. सोयाबीन काढणीच्या वेळी एक फेरी चुकली, मग दुसरी. 'बरं वाटतंय की' म्हणून बाबांनी गोळीही सोडली. आम्हाला कळलं तोवर आजार पुढच्या टप्प्यात गेला होता. कुणी जवळ असतं आणि 'आप्पा, गोळी का बंद केली?' एवढंच विचारलं असतं, तरी बाबा कदाचित राहिले असते.

रक्तघटक:
ताई, वाचून वाईट वाटलं. पण मग डीएम झालेल्या माणसानं कायमचं जायची गरज काय? महिन्यातून दोनदा ओपीडी घ्यावी, बाकी दिवस स्थानिक फिजिशियननं सांभाळावं. आणि माळरान, बार्शीच्या अभ्यासाबद्दल सगळंच सांगा. त्यात ३१,४८८ बायकांच्या गटाची तपासणी केलीच नव्हती. गावातल्या माणसांवर प्रयोग होतात तेही 'सेवा' म्हणूनच.

माळरान:
आक्षेप खरा आहे. त्या भागात तेव्हा तपासणी नव्हतीच, म्हणून एक गट तसाच ठेवला, हे कारण मलाही पुरेसं वाटत नाही.
पण महिन्यातून दोनदा येणाऱ्या डॉक्टरला गोळी बंद झाल्याचं कळणार नाही. आसामातलं सिल्चर घ्या. डॉ. रवी कन्नन २००७ साली चेन्नई सोडून तिथल्या कछार कॅन्सर हॉस्पिटलमध्ये गेले. तेव्हा उपचार पुरे करणारे पेशंट २८ टक्के होते, ते ७० टक्क्यांवर आले. सोबत आलेल्या माणसाला हॉस्पिटलातच रोजंदारीचं काम, राहण्याजेवणाची सोय, आणि जे येऊ शकत नाहीत त्यांच्या घरी जाऊन पाहणं, यावर त्यांनी भर दिला. रोजी बुडते म्हणून माणूस उपचार सोडतो, हे गावात राहणाऱ्यालाच दिसतं.

भूमची_लेक:
हेच. केमोनंतर ताप आला तर तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हावं लागतं म्हणतात. आमच्याकडून मुंबईला गाडी पोचायलाच रात्र जाते.

रक्तघटक:
तापाचं मान्य, तिथं जवळचाच डॉक्टर उपयोगी. प्लेटलेट्सवर मात्र मी अडून आहे. भाच्याला सांगा, जागा बघायच्या आधी सोलापूरच्या रक्तपेढ्यांत जाऊन ये. रात्री मागितलेली प्लेटलेटची पिशवी बार्शीला किती तासांत पोचेल, ते विचार. सत्तर किलोमीटर आहे. उत्तर चार तासांच्या आत आलं तर मी माझं मत बदलेन. तोवर तीव्र ल्युकेमियाचे पेशंट त्यानं शहरातच पाठवावेत, बाकीचे ठेवावेत.

माळरान:
रविवारी त्याला घेऊन सोलापूरला जातो. आल्यावर लिहितो.