गच्चीवरच्या बारसाठी टिकी दिवे : बांबूची पूड ग्लासात पडतेय, काय करू?

गच्चीवाला (जळगाव)

मंडळी, आधीच सांगतो, हसू नका.

आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी दहा बाय बाराची खोली आहे. तिथं कुरडया-पापडांचे डबे आणि ठिबकच्या जुन्या नळ्यांची वेटोळी पडलेली असायची. मागच्या दिवाळीनंतर ती रिकामी केली, सागाची एक जुनी फळी भिंतीला आडवी ठोकली, दोन उंच स्टुलं आणली आणि तिला मी ‘बार’ म्हणू लागलो. बायको अजून ‘अडगळीची खोली’च म्हणते.

हे टिकीचं, म्हणजे पॅसिफिक बेटांच्या थाटात सजवलेल्या बारचं, खूळ डोक्यात शिरलं दोन वर्षांपूर्वी. मेहुण्याकडे सॅन फ्रान्सिस्कोला गेलो होतो, त्यानं फेअरमॉन्ट हॉटेलातल्या टोंगा रूममध्ये नेलं. हॉटेलचा जुना स्विमिंग टँक होता, त्याचं 1945 साली तळं करून भोवती बार थाटलाय. वाजवणारी मंडळी त्या तळ्यातल्या तराफ्यावर बसतात आणि अधूनमधून छतातून चक्क पाऊस पडतो, गडगडाटासकट. आपण जळगावची माणसं. मे महिन्यात पाऊस दाखवणारी जागा दिसली की डोळे भरून येतात. पण माझी नजर अडकली ती वरच्या दिव्यांवर. जाळ्यात बांधलेले काचेचे गोळे, मासे धरायच्या सापळ्यांत लावलेले बल्ब, चटई गुंडाळलेले बांबूचे कंदील. सगळा उजेड मधासारखा, कोपरे काळोखात.

परत आल्यावर स्वतःच करायचं ठरवलं. पहिला दिवा म्हणून बुरडाकडून कोंबड्या झाकायचं डालगं आणलं, उलटं टांगलं, आत बल्ब सोडला. दिसायला झकास! तीन महिन्यांनी भरीत पार्टी ठेवली. मित्रानं ग्लास तोंडाला लावला आणि म्हणाला, ‘काय भो, वरून सुंठ टाकली का?’ बघतो तर डालग्यातून पिवळी बारीक पूड गळतेय. हात लावला तर कामट्यांना टाचणीएवढी भोकं.

दुसरं म्हणजे उजेड. मी 12 वॉटचा पांढरा बल्ब लावलाय आणि खोली मेडिकल स्टोअरसारखी दिसते. तिसरं, ते काचेचे गोळे. जपानी मच्छीमारांचे जुने गोळे ऑनलाइन मिळतात, पण किंमत बघून लॅपटॉप बंद केला. आणि शेवटी एका दिव्यावर टिकीचा लाकडी मुखवटा बसवायचा आहे, डोळ्यांतून उजेड येईल असा. सातपुड्याकडच्या कुणाकडून कोरून मिळेल का?

नाना (चोपडा)

भाऊ, हसलो नाही. बायको हसली.

आयटीआयमध्ये 26 वर्षं सुतारकाम शिकवलं, म्हणून बोलतो. त्या डालग्याला आता वाचवायला जाऊ नका. होळीपर्यंत ठेवूही नका, आजच जाळा, नाहीतर तो भुंगा सागाच्या फळीपाशी नाही पण बाकीच्या बांबूत नक्की जाईल. बांबूत पिठूळपणा असतो, तोच त्याचं खाणं. बुरडाची चूक नाही. त्यानं कोंबड्यांसाठी विणलं, ते वर्षा-दोन वर्षांत झिजून जायचंच असतं. तुम्ही ते बारमध्ये टांगलंत.

नवीन आणताना विचारून घ्या की बांबू कधी तोडलेला आहे. पावसाळ्यात कोंब फुटायच्या काळातला नको, थंडीतला घ्या. सातपुड्यात मिळतो तो मानवेल बहुतेक भरीव असतो, कामट्या काढायला आणि वाकवायला तोच बरा. कंदिलाच्या चौकटीला जाड पोकळ नळी हवी असेल तर कळक बघा. आमचे वडील अमावस्येलाच तोडायचे आणि पौर्णिमेच्या बांबूला हात लावू द्यायचे नाहीत. मी पौर्णिमेचाही वापरलाय. खारात मुरला की दोन्ही सारखेच.

तो खार असा. 20 लिटर पाण्याला 600 ग्रॅम टाकणखार आणि 400 ग्रॅम बोरिक पावडर. पाणी कोमट घ्या म्हणजे विरघळते. विणलेली टोपली अख्खीच्या अख्खी ड्रममध्ये बुडवा, वर दगड ठेवा, नाहीतर तरंगते. पाच-सहा दिवस पुरे, पण अख्खा बांबू असेल तर आतली पेरं सळईनं फोडून दोन आठवडे ठेवावा लागतो. मग सावलीत वाळवा. आपल्याकडच्या उन्हात टाकलात तर कामट्या तडकतील. या खाराचा दुसरा फायदा म्हणजे बांबू चटकन पेट घेत नाही, दिव्याच्या कामात हे महत्त्वाचं. पण हा खार पाण्यानं धुऊन जातो. दिवा खोलीत टांगा, उघड्या गच्चीवर नको.

तो तपकिरी भाजका रंग हवा असेल तर ब्लो लॅम्प (ज्योतीचा झोत सोडणारं हत्यार) फिरवा आणि ओल्या फडक्यानं पुसत जा, आतलं तेल वर येऊन चकाकी येते. त्याआधी प्रत्येक पेराला भोक पाडलेलं असू द्या. आत कोंडलेली हवा तापली की बांबू सुतळी बॉम्बसारखा फुटतो. एका वर्षी आमच्या वर्कशॉपमध्ये फुटला होता, मुलं बाकाखाली गेली, मीही गेलो.

आता गोळा. तुम्ही जपानपर्यंत गेलात, गोठ्यात डोकावला नाहीत.

बैल पिकात तोंड घालू नये म्हणून आपण त्याला मुसकं बांधतो. ते काय असतं? दोरीची जाळीदार वाटी. तुमचं मासेमारीचं जाळं ते हेच. भुसावळ-जळगावच्या कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे गेटच्या खांबावर लावायचा काचेचा गोळा मिळतो, आठ इंची घ्या. तो मुसक्यात बसवा, मान वरच्या बाजूला, तिच्यातूनच होल्डर आत सोडा. नायलॉनचं मुसकं घेऊ नका, स्वस्त असतं पण प्लास्टिकसारखं चमकतं. घायपाताचं किंवा अंबाडीच्या वाखाचं शोधा. वरच्या टोकांना पीळ देऊन शिंक्यासारखं बांधा. आजीनं दह्याचं गाडगं ज्या गाठीनं टांगलं, तीच गाठ.

हे काही जुगाड म्हणून सांगत नाही. मासेमारीच्या जाळ्याला काचेचे गोळे लावायला 1840 च्या सुमारास नॉर्वेवाल्यांनी सुरुवात केली, जपान्यांनी 1910 च्या आसपास ते हातात घेतले. पुढे प्लास्टिक आलं आणि वाहत गेलेले गोळे अमेरिकेच्या किनाऱ्याला लागत राहिले. तिकडे 1933 च्या डिसेंबरात दारूबंदी उठली, त्याच सुमारास हॉलिवूडमध्ये अर्नेस्ट गँट नावाच्या माणसानं ‘डॉन द बीचकोंबर’ नावाचा बार काढला, तिथूनच हे टिकी बारचं प्रकरण सुरू झालं. त्याच्याकडे जाळी, बोटींचे तुकडे, असलाच किनाऱ्यावरचा माल होता. त्याला समुद्र जवळ होता, आपल्याला गोठा जवळ आहे.

नंदुरबारकर

गुजरात आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. असे दिवे मी लावले तर पाव्हणे मोजता यायचे नाहीत. परमिट काढलंय ना, शेठ?

वायरमन (भुसावळ)

12 वॉट काढून टाका. 2200 केल्विनचा, म्हणजे मधासारख्या पिवळ्या उजेडाचा, फिलामेंट एलईडी घ्या, 4 वॉटचा, आणि 2700 च्या वर जाऊच नका. दहा बाय बारात असे तीन बास आहेत, तीनही एका ठिकाणी नको. आणि मंद करायचा रेग्युलेटर लावणार असाल तर बल्बही ‘डिमेबल’ लिहिलेलाच हवा. साधा लावला तर लुकलुकतो नाहीतर घूं घूं करतो.

काच रंगवायची असेल तर बाहेरून नाही. ग्लास कलर आत ओता, गोळा हळूहळू फिरवा, उरलेला परत बाटलीत. हिरवट निळा किंवा मधाचा रंग. पूर्ण वाळायला दोन दिवस द्या, मगच बल्ब. गोळ्याचं तोंड वर मोकळं ठेवा. एलईडी तापत नाही म्हणतात, पण त्याच्या बुडातलं सर्किट तापतं आणि बंद काचेत लवकर जातं. आपल्याकडे मेमध्ये खोलीच 44 अंशांची असते, त्यात भर कशाला.

दोरीवर वजन, वायरवर नाही. हे दहा वेळा वाचा. स्लॅबमध्ये अँकर फास्टनर ठोकून हुक घ्या, पीओपीला काही टांगू नका.

सगळ्यात मोठी गोष्ट कुणी बोललंच नाही : पंखा. दिवा पात्यांच्या वर गेला तर उजेड कापला जाऊन खोलीभर फडफडतो, दोन पेग आधीच झाल्यासारखं वाटतं. दिवा बाजूला असेल तर हवेनं झुलत पात्यापर्यंत जायला नको, म्हणून दोन हात अंतर ठेवा. आणि कूलर असेल तर त्याचा झोत दिव्यांवर नको. वाख दमट होतो, पावसाळ्यात त्याला बुरशी धरते, मग बारला गोठ्याचाच वास.

कुणी फायबरचे गोळे ओतायला सांगेल. मी केलेत. फुग्यावर फायबरची मॅट लावून रेझिन मारायचं, सुंदर होतात. पण उन्हाळ्यात दुपारी करू नका, ब्रश डब्यातच दगड होतो. आणि हार्डनर व कोबाल्ट (रेझिन घट्ट करणारी दोन रसायनं) हे दोन्ही कधी एकमेकांत थेट मिसळायचे नाहीत, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्या, मग हार्डनर. जमत नसेल तर काचेचा गोळाच बरा.

अक्राणी (धडगाव)

दादा, मुखवट्याबद्दल बोलते. राग मानू नका.

टिकी म्हणजे नुसता मोठ्या दातांचा चेहरा नाही. पॉलिनेशियातल्या, म्हणजे पॅसिफिक बेटांवरच्या, लोकांच्या त्या पूर्वजांच्या, देवांच्या मूर्ती. न्यूझीलंडच्या माओरींच्या कथेत तर टिकी हा पहिला माणूस. कॅलिफोर्नियातल्या बारवाल्यांनी त्याचे पेले केले, तो त्यांचा प्रश्न. पण तुम्ही ‘सातपुड्याकडच्या कुणाकडून कोरून मिळेल का’ लिहिलंत, ते वाचून मला पुढचं दिसलं. कुणीतरी वाघदेवासारखं काही कोरून देईल, पैसे लागतातच सगळ्यांना. आम्ही वाघदेवाला नैवेद्य दाखवतो. तो तुमच्या फळीवर बाटल्यांवर उजेड पाडत बसलेला मला चालणार नाही. आमच्या घरात देवाला दारूची धार देतात, म्हणून दारूचं वावडं नाही. देवाचा दिवा करण्याचं आहे.

चेहरा नको. आकार घ्या. मासे धरायचा बांबूचा सापळा पाहिलाय का? पावसाळ्यात नाल्याच्या धारेत लावतात. लांबट, एका टोकाला निमुळता, आणि तोंडाशी आत वळलेलं दुसरं नरसाळं. मासा आत जातो, टोकदार कामट्यांमुळे परत फिरत नाही. तुम्ही परदेशात टांगलेला पाहिलात तो दिवा म्हणजे त्यांच्याकडचा असाच सापळा. ते आतलं नरसाळं काढू नका, बरेच जण बल्बला जागा हवी म्हणून कापतात. बल्ब त्याच्या मागे बसवा. उजेड आधी आतल्या कामट्यांतून, मग बाहेरच्यांतून जातो आणि भिंतीवर दुहेरी पट्टे पडतात. कामट्यांत बोटभर फट सांगा. त्याहून दाट विणला तर उजेड आतच राहतो.

विणून घेणार असाल तर बाजारात टोपलीचा भाव विचारून त्याच भावात मागू नका. टोपली रोज विणतात, हात बसलेला असतो. तुमच्या मापाचा सापळा म्हणजे दोन दिवसांचं काम, त्याची मजुरी द्या. खारात बुडवायचं काम मात्र तुमच्या घरी करा, त्यांच्या अंगणात नाही, तिथं कोंबड्या आणि पोरं असतात.

आणि चटईच्या कंदिलासाठी रावेर-यावलकडे बांधावर पडलेली केळीची खोडं आहेतच की. तिकडच्या बेटांवर केवड्याच्या जातीच्या पानांची चटई विणतात आणि झाडाची साल कुटून कापड करतात. तुमच्याकडे केळीच्या खोडाचं सोपट आहे. खोडावरच वाळलेलं, तपकिरी झालेलं काढा, ओलं करून सरळ करा, वर कापड ठेवून इस्त्री फिरवा. पातळ मलमलीवर फेविकॉलनं चिकटवा. मागून दिवा लावला की त्यातली जाळी दिसते, खिडक्या-खिडक्यांची.

गच्चीवाला (जळगाव)

सहा आठवड्यांनी लिहितोय.

ताई, मुखवटा रद्द. खरं सांगायचं तर त्या बाजूनं विचारच केला नव्हता. सापळा तुमच्याकडच्या एका आजोबांकडून करून घेतला, मजुरी त्यांनी सांगितली तेवढीच दिली. त्यांनी विचारलं, ‘एवढ्या वर टांगलास तर मासा कसा येईल?’ मी म्हटलं, येतात, शनिवारी येतात.

डालगं जाळलं. नवं ड्रममध्ये सहा दिवस ठेवलं. बायकोनं ड्रमवर खडूनं ‘विष’ लिहिलं आणि कामवाल्या मावशींना लांबून दाखवलं. अजून तरी पूड नाही. रोज सकाळी खाली काळा कागद अंथरून बघतो.

सोपटाचा पहिला कंदील बिघडला. मी ओलं सोपट हिरवटच घेतलं, ते आक्रसलं आणि मलमल पिळवटून निघाली. दुसऱ्यांदा झाडावर वाळलेलंच घेतलं, आता बरा आहे, एक कोपरा सुटतोय. खिडक्या-खिडक्या दिसतात हे मात्र खरं.

नाना, मुसकं! आठवडी बाजारात चार दुकानं फिरलो, सगळीकडे नायलॉन. शेवटी एका म्हाताऱ्या दोरवाल्याकडे घायपाताची दोन मिळाली. त्यानं विचारलं, बैल केवढा आहे? मी हातानं आठ इंचांचा गोळा दाखवला. तो म्हणाला, ‘वासरू शे का?’ मी हो म्हटलं. एका गोळ्यात हिरवा रंग फिरवला, दुसऱ्यात मधाचा. हिरव्यात तळाशी थोडा रंग साचून जाड ठिपका झालाय, पण रात्री तोच जुन्या काचेतल्या बुडबुड्यासारखा दिसतो, म्हणून पुसला नाही. दोघांना फळीच्या दोन टोकांना टांगलंय, पंख्यापासून मोजून दोन हात.

वायरमन भाऊ, 2200 चा बल्ब लावल्यावर पहिल्या दिवशी मित्र म्हणाला, लाइट गेली का. दुसऱ्या दिवसापासून कुणी उठेना. मंद करायचं बटण अजून घेतलं नाही.

नंदुरबारकर, परमिट आहे. तुम्ही या, पण गुजरातचे पाव्हणे तिकडेच ठेवा.

आता एकच अडचण. मला अशीच चार मुसकी अजून हवी आहेत आणि तो दोरवाला म्हणतो, वाख मिळत नाही, आता वळणार नाही. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याबैलांच्या साजाची दुकानं लागतात. तिथं घायपाताचं अजून कुणी वळतं का, कुणी पाहिलंय?

नाना (चोपडा)

सारंगखेड्याला मी दरवर्षी जातो. या. येताना हिरवा गोळा घेऊन या, माप द्यायला. वासराची गोष्ट तिथं चालणार नाही.